भाऊजींची संमती

आमचे भाऊजी, म्हणजे ताईचे यजमान, भाजीबाजारात लिलाव पुकारायचे. बाजारात त्यांना तोफ म्हणत. व्यापाऱ्यांनी कितीही लाडीगोडी लावली तरी कमी भावाला त्यांच्या तोंडून होकार म्हणून निघायचा नाही.

एका सकाळी दात घासता घासता ते कोसळले. मेंदूत रक्ताची गाठ अडकली होती. उजवं अंग गेलं, वाचा गेली. उरला एकच शब्द, ‘हो’. हवं असलं तरी हो, नको असलं तरी हो. खरा हो कोणता, ते ताईला बरोबर कळायचं. नकार असला की भाऊजी डाव्या हाताचा अंगठा मुठीत घट्ट दाबून धरायचे.

दर मंगळवारी हॉस्पिटलात अशा सात-आठ जणांचा बोलायला शिकवण्याचा वर्ग भरायचा. वर्षभर घसा फोडून भाऊजी ‘पा’पर्यंत पोचले होते. ‘पाणी’ अजून व्हायचं होतं. तेवढ्यात कळलं, की वर्ग बंद करून फोनवर धडे देणार आहेत. पण आधी रुग्णांचं मत घेणार आहेत. ताई हरखलीच. “निदान विचारतायत तरी!” म्हणाली.

सभेला मीही गेलो. रुग्ण टेबलाभोवती, आम्ही घरचे मागे भिंतीला टेकून. घरचे लोक रुग्णाला बोलूच देत नाहीत, असं म्हणे कुठल्याशा अभ्यासात निघालं होतं, म्हणून ही व्यवस्था. शिकवणाऱ्या बाईंना मात्र बोलावलंच नव्हतं. अभ्यास करणाऱ्यांची कमाल आहे!

सभा घेणाऱ्या हॉस्पिटलच्या अधिकारीबाई गोड होत्या. भाऊजींकडे वाकून त्यांनी विचारलं, “काका, मंगळवारचा वर्ग बंद करायला तुमची संमती आहे?”

भाऊजी जिवाच्या आकांताने ओरडले, “हो! हो! हो!” मूठ आवळलेली, अंगठा आत.

“बघा, किती उत्साह आहे काकांना,” बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

ताई ताडकन उठली. “अहो, ते नाही म्हणतायत!”

“काकू, प्लीज. त्यांचं त्यांना बोलू द्या. तुम्हाला नंतर वेळ देणार आहोत.”

आणि मी, शहाणा भाऊ, तिचा हात धरून तिला खाली बसवलं. “चारचौघांत तमाशा नको, नंतर सांगू,” म्हणालो. ते नंतर आलंच नाही. चहा आला आणि सभा संपली.

ताईने पुढे तीन अर्ज दिले. तिन्हींना एकच उत्तर आलं : रुग्णांच्या संमतीनेच निर्णय झालेला आहे. फोनवरचे धडे दोनदा झाले. भाऊजी फोनकडे नुसते बघत राहिले. आता त्यांचा ‘पा’सुद्धा गेला. तो हात मी धरला नसता तर, हे माझ्या डोक्यातून जात नाही.

मंगळवार आला की भाऊजी अजूनही डाव्या हाताने बूट चढवून दाराशी बसतात.

“वर्गाला जायचंय?” ताई विचारते.

“हो,” म्हणतात. अंगठा मोकळा असतो.