फायटर जेवत नाही

माझ्या बापाला लाज वाटत नाही, असं आई लग्न झाल्यापासून सांगत आली आहे. ते काही खरं नाही. वाटते त्यांना लाज, पण ती वाटायच्या आधी आवाज चढतो आणि त्या आवाजाखाली लाज दबून जाते. जगन घरत म्हणजे आवाज. तिसऱ्या मजल्यावर फोनवर बोलले तरी खालचा वॉचमन ‘हो शेठ’ म्हणतो. मी त्यांची मुलगी निशा. लग्न होऊन पनवेलमध्येच, दोन गल्ल्या पलीकडे राहते. माहेर सुटलं नाही. सुटलं असतं तर बरं झालं असतं, असं त्या आठवड्यात मात्र फार वाटलं.

आमचं गाव उलव्याकडचं. तिथली जमीन विमानतळाच्या कामात गेली, आम्ही पनवेलला फ्लॅटमध्ये आलो, पण घरची रीत गावचीच राहिली. नवं माणूस घरात आलं की त्याला एकट्याने जेवू द्यायचं नाही. समोर बसायचं, ताटातलं काय संपलं ते बघायचं आणि संपायच्या आत वाढायचं. पाहुणा ताटावर आडवा पडून ‘नको हो, नको’ म्हणत नाही तोवर आमच्या माणसांना आपण पाहुणचार केला असं वाटतच नाही. माया आहे हो ती, नाही कोण म्हणतंय! पण समोरच्याचा जीव जातो त्या मायेने.

माझा भाऊ परेश. त्याने त्याच्या बेलापूरच्या ऑफिसमधल्या रुचिराशी लग्न केलं. रुचिरा पुण्याची, शाकाहारी, हळू बोलणारी. हळदीच्या दिवशी बाबा तिच्या वडिलांना सगळ्यांदेखत म्हणाले, “व्याही, लाजू नका, एक तरी कोलंबी टाका तोंडात!” ते बिचारे कसनुसे हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आईने रुचिरासाठी भांडी वेगळी केली, तवा वेगळा आणला, भाजीत चुकून माशाचं वाटण जाऊ नये म्हणून पाटासुद्धा धुऊन ठेवायची. त्यात खोट नव्हती. पण पोरगी जेवायला बसली की हॉलमध्ये सभा भरायची. बाबा समोरच्या खुर्चीत, आई वाढायला, शिवाय गावाकडून कोण ना कोण आलेलं असायचंच. “येवढंच? चिमनी हाय का तू?” “भात घे गं, भात घे.” रुचिरा हसायची, भात चिवडायची आणि उठायची. महिन्याभरात तिच्या बांगड्या मनगटावरून कोपरापर्यंत सरकायला लागल्या. मग एक दिवस म्हणाली, पुढच्या आठवड्यात पुण्याला जाऊन थोडे दिवस राहते. थोडे म्हणजे किती, हे विचारायची कोणाची छाती झाली नाही. ही पोरगी गेली आणि परत आलीच नाही तर, या एकाच विचाराने आईचा जीव टांगणीला लागला. बाबा बोलायचे नाहीत, पण त्यांच्याही पोटात तेच होतं.

अशात परेशच्या तोंडून बाबांना कळलं की रुचिराच्या माहेरी माशांची टाकी आहे, आणि तिला त्या माशांची फार आठवण येते. झालं! बाबा माझ्या दारात उभे. “चल गो निशा, गाडी काढ. सूनबाईला मासा घ्यायचा हाय.”

दुकानात त्यांनी फायटर पसंत केला. निळाजांभळा, लांब झुलणारे पर, एकटाच ठेवायचा मासा. दुकानदार सांगत होता, पिशवी आधी तशीच टाकीच्या पाण्यात तरंगत ठेवा, मग हळूच सोडा, आज दिवा लावू नका, खायला उद्या द्या. बाबांनी त्याला पुरतं बोलू दिलं तर शपथ. “अरे, माझा बाप खाजनात मासं ठेवायचा. मला शिकवतो?” खाजण म्हणजे काय हे त्या माणसाला काय ठाऊक! भरतीचं पाणी बांधाच्या आत घ्यायचं, दार लावून टाकायचं, आणि ओहोटीला आत अडकलेले मासे गोळा करायचे. थोडक्यात, आमच्या आजोबांनी मासे जन्मभर धरले, पाळला एकही नाही. पण चार गिऱ्हाइकांसमोर हे कुठे बोलणार? मी गाडीची किल्ली बघत उभी राहिले.

घरी आल्या आल्या बाबांनी पिशवी फोडली आणि मासा धपकन टाकीत सोडला. टाकी हॉलच्या मधोमध, वर ट्यूबलाइट, भोवती सगळं घर. रुचिराला हाक मारून तिथे उभं केलं. ती खरंच आनंदली होती, डोळ्यांत पाणी आलं तिच्या. काहीतरी सांगायला तोंडही उघडलं, पण तेवढ्यात बाबांनी आईच्या डब्यातला सुका जवळा मूठभर टाकीत टाकला. “खा रे, खा! घर तुझाच हाय!”

मासा फिल्टरच्या मागे जाऊन बसला तो बसलाच.

दुसऱ्या दिवशीही जेवला नाही. बाबा खुर्ची ओढून समोर बसले, काचेवर टिचक्या मारल्या, लाडीगोडी लावली, दटावलं. जवळा फुगून तळाशी बसला आणि पाणी गढूळ झालं. माशाचा रंग उतरला, पर अंगाला चिकटले. घरी येणारा-जाणारा प्रत्येक जण टाकीपाशी वाकून बघायचा आणि विचारायचा, “जेवला का?” बाबांची मान दर वेळी थोडी खाली जायची. गावचा बाळूकाका तर सरळ हसला. “जगन, खाजनवाल्याच्या घरात मासा उपाशी? गावात सांगू नको कुनाला!” बाबा हसले त्याच्याबरोबर. मी त्यांना ओळखते ना, कान लाल झाले होते त्यांचे.

त्याच संध्याकाळी बाबांची मोठी बहीण, आमची गंगाआत्या आलेली होती. हॉल भरलेला. रुचिरा चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, “बाबा, टाकीवर कपडा घालू का? समोर माणसं असली की तो घाबरतो. थोडे दिवस त्याच्याकडे कोणी बघायचं नाही. आणि एवढं खाणं नको, पाणी खराब होतं.” या घरात आल्यापासून ती एका दमात इतकं पहिल्यांदाच बोलली असेल.

गंगाआत्या गालाला हात लावून म्हणाली, “अगो बाय! आता सून शिकवनार तुला मासं?”

आत्यापुढे बाबांचं काही चालत नाही. आणि लाज वाटली की ते काय करतात ते सांगितलंच आहे मी. आवाज चढला. “बघू नको? मंग आनलाय कशाला? सूनबाई, आधी तू सोता नीट जेव, मंग माशाला जेवव!”

आई सोडून सगळे हसले. रुचिराचा चेहरा पांढराफटक पडला. रिकामा ट्रे छातीशी धरून ती आत गेली, आणि थोड्या वेळाने आतून कपाटावरची बॅग काढल्याचा आवाज आला.

सकाळी मी गेले तर मासा तळाशी आडवा पडलेला, कल्ले तेवढे हलत होते. बाबा टाकीपुढे उभे होते, आवाज बंद. मग स्वयंपाकघराच्या दारात जाऊन, आत न बघता म्हणाले, “सूनबाई, तो कपडा टाक बाय. माझ्याच्यानं काय व्हत नाय.” माझ्या बापाने आयुष्यात कोणापुढे हार मानलेली मी पहिल्यांदा ऐकली.

रुचिराने भरलेली बॅग तशीच बाजूला ठेवली. सगळा जवळा उपसून काढला, थोडं थोडं करून पाणी बदललं, ट्यूबलाइट बंद केली, आणि आपली जुनी ओढणी टाकीवर घातली. पुण्याला जायचं पुढे ढकललं ते माशासाठी, आमच्यासाठी नाही, हे आम्हाला सगळ्यांना कळत होतं. बाबा हॉलमधून जाताना चपला हातात घ्यायला लागले.

काही दिवसांनी आई देवळात गेली होती, परेश ऑफिसात होता. बाबा आणि मी मंडईतून भाजी घेऊन आलो. बाबांनी किल्लीने हळूच दार उघडलं. हॉलमध्ये अंधुक उजेड होता. रुचिरा टाकीशेजारी जमिनीवर मांडी घालून बसली होती. ओढणीचं एक टोक तिने वर केलं होतं आणि फायटर पाण्याच्या वरच्या बाजूला येऊन, डाळीच्या दाण्याएवढं खाणं टिपत होता. तिच्या मांडीवर ताट होतं. वरणभात, वर तुपाची धार, लोणचं. ती जेवत होती हो! पाची बोटांनी, मोठमोठे घास घेऊन, मध्येच माशाशी काहीबाही बोलत. इतकी भूक असलेलं माणूस आमच्याच घरात राहत होतं.

माझ्या हातातली पिशवी दाराला लागली. रुचिरा दचकून उठली आणि तिने ताट पाठीमागे लपवलं.

“सकाळचा भात होता, बाबा,” ती घाईघाईने म्हणाली. “वाया जाईल म्हणून घेतला. रात्री मी सगळ्यांबरोबर जेवीन.” ओठांवर शीत तसंच होतं. चोरी पकडल्यावर माणूस बोलतं ना, तसं बोलत होती, आणि ते तिचं स्वतःचं घर होतं.

बाबांचा चेहरा बघवेना. “बस,” ते म्हणाले. इतका बारीक आवाज त्यांच्या गळ्यात असेल असं वाटलं नव्हतं. “बस बाय. जेव.” माझा दंड धरून त्यांनी मला बाहेर ओढलं, दार लोटून घेतलं आणि जिन्याच्या पायरीवर मटकन बसले. भाजीची पिशवी पायाशी कलंडली.

“माझ्यापासून ताट लपवलंन पोरीनं,” ते म्हणाले. “निशा, कुनी खाताना दिसला तर मला बरा वाटतं गो. आनि माझी सून मला बघून ताट लपवते. लाज वाटते मला. तोंड कुठं लपवू?”

त्या सभेत मीही रोज बसलेली. मी त्यांच्या शेजारी बसले.

तेवढ्यात लिफ्ट थांबली आणि गंगाआत्या बाहेर आली, हातात डबा घेऊन. “भायेर का बसलाव रं? मासा जेवला का नाय?”

बाबा उठले नाहीत. मोठी बहीण आली आणि ते उठले नाहीत, असं कधी झालेलं नाही. “ताय, आत जाऊ नको. सून जेवते हाय.”

“मंग? मी काय परकी हाय? मला बघू दे तरी काय खाते ती!”

“नको,” बाबा म्हणाले. “कुनी बघाचा नाय.” आणि तिला बसायला जागा व्हावी म्हणून पायरीवर सरकले. आत्या त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली, मग डबा मांडीवर घेऊन टेकली.

आतून कुकरमध्ये पळी वाजली. रुचिरा परत वाढून घेत होती. बाबांनी गुडघ्यात मान घातली.