पट्ट्याखालचं तेल

"याला कुणी हात लावलाय का?" मी तिसऱ्यांदा विचारलं.

"काय नाय केला, मिस्त्री. जसा व्हता तसाच हाय," दामू म्हणाला.

बंद पडलेल्या ट्रॅक्टरचा प्रत्येक मालक हेच सांगतो. ऐकलं की माझं डोकं तापतं. काही केलं नसतं तर मला बोलावलं असतं का?

थळ गावाच्या पुढे, समुद्रकाठच्या पुळणीवर दामूचा जुना ट्रॅक्टर उभा होता. होड्या वर ओढायला तो वापरतात. खाली त्याची स्वतःची होडी आडवी पडली होती, पोटाची कुजलेली फळी काढलेली. रोजची भरती तिथवर येत नाही. पण त्या दिवशी अमावास्या होती आणि दुपारी उधाण येणार होतं. भोक असलेली होडी तरंगत नाही. पाणी आत भरलं की लाटा तिला खडकावर आपटून फोडणार, हे दामूला सांगायची गरज नव्हती. तो सारखा पाण्याकडेच बघत होता.

मी चावी फिरवली. टक्. पुन्हा फिरवली. टक्. इंजिन जागचं हललं नाही. चाकं वाळूत रुतलेली, त्यामुळे ढकलून चालू करायचाही प्रश्न नव्हता.

"बॅटरी नवी हाय," दामू म्हणाला. "स्टार्टरपन भरून आनला."

"कोणी सांगितलं?"

"आलेला एक मेकॅनिक."

म्हणजे आधीच्या शहाण्याने न तपासता बॅटरी बदलायला आणि स्टार्टरचं वाइंडिंग नव्याने भरायला लावलं आणि गेला. असल्यांच्या हातात पाना कोण देतं कोण जाणे. पिकअप गाडीची बॅटरी जोडूनही दामूने बघितलं होतं, पण वायरी लावल्या ट्रॅक्टरच्या बॅटरीच्याच टोकांना. फरक पडणार कसा?

मीटर लावला. बॅटरी ठणठणीत. हेडलाइट लावले तर छान पेटले. स्टार्टर मारला की पार मंद. इथे मला संशय आला. बॅटरीतून वायरने स्टार्टरकडे गेलेला करंट ट्रॅक्टरच्या लोखंडातून परत येतो. लोखंड आणि बॅटरी जोडणारा एक चपटा पट्टा असतो, त्याला आम्ही अर्थ म्हणतो. लाइटला थोडका करंट पुरतो. स्टार्टरला भरपूर लागतो, आणि पट्टा नीट टेकला नसेल तर तो मिळत नाही.

जाड वायरचं एक टोक बॅटरीच्या मायनसला लावलं, दुसरं थेट इंजिनच्या लोखंडावर दाबून धरलं. "मार स्टार्टर," मी दामूला म्हणालो.

इंजिन गरगरलं आणि धूर सोडत चालू झालं.

"चला, वढा आता!" दामू ओरडला.

"थांब. वर चढताना बंद पडला तर परत मलाच शिव्या देशील." मी इंजिन बंद केलं आणि पट्टा खोलला. पट्ट्याखाली पिवळट, चिकट साय. नखाने खरवडली. वास घेतला. माशाचं तेल!

होडीच्या लाकडात पाणी मुरू नये म्हणून हे तेल लावतात. सुकलं की वॉर्निशसारखं घट्ट बसतं. लाकडाला उत्तम, पण त्यातून वीज जात नाही.

"हे कुणी लावलं?"

दामूचे वडील होडीला टेकून बसले होते. "मीच. खाऱ्या वाऱ्यान लोखांड सरतं. पट्टा काढला, घासला, तेल लावला, उन्हान सुकवला, परत आवलला. काय चुकला?"

त्यांनी जीव लावून केलं होतं, म्हणून त्यांच्यावर ओरडता येईना. सगळा राग दामूवर काढला. "तुला तीनदा विचारलं! काही केलं नाही म्हणून का सांगतोस?"

त्याने माझ्याकडे खुळ्यासारखं बघितलं. "तेल लावला म्हंजे काय केला काय, मिस्त्री? ता त आमी दरवरसी लावताव."

पॉलिश पेपरने पट्टा आणि लोखंड चकचकीत होईपर्यंत घासलं, बोल्ट आवळला. दोर बांधला, होडीखाली ओंडके सारले. होडी वर सरकली तेव्हा तिच्या मागच्या टोकाला पाणी लागलं होतं. अर्ध्या तासात ती जागा लाटांखाली गेली. दामू वाळूत मटकन बसला आणि लहान पोरासारखा रडला. माझा राग तरीही उतरला नव्हता.

वळून बघतो तर म्हातारबाबा तेलाचा डबा घेऊन पुन्हा ट्रॅक्टरपाशी.

"बाबा, आता वरून लावा, हवं तेवढं. आतून थेंबसुद्धा नाही."

"बरां," म्हणून त्यांनी ब्रश बुडवला.

तेव्हापासून किनाऱ्यावरच्या ट्रॅक्टरला "काय केलं?" असं मी विचारत नाही. "तेल कुठं कुठं लावलं?" असं विचारतो. उत्तर लगेच मिळतं.