खालचा थर

तोंगा बेटांवरच्या आमच्या गावात कुणालाही परदेशी पार्सल पाठवायचं झालं की आधी फुसिपालाच्या ओसरीवर यावं लागतं. आत काय काय आहे आणि ते कशाचं बनलंय, ते इंग्रजीत लिहून दिल्याशिवाय ऑस्ट्रेलियात किंवा न्यूझीलंडमध्ये काही उतरूच देत नाहीत. फुसी तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेली. चष्मा नाकावर ओढून ती लिहायला बसली की मोठमोठ्या बायाही पोरींसारख्या गप्प बसतात.

आणि लिहिते कशी! कुणी शंखांची माळ म्हणून ठेवली की ही दातावर मणी घासून बघणार. "हा शंख नव्हे. प्लास्टिक आहे. तसंच लिहीन."

"अगं, माझ्या सुनेला आहे ती. लिही ना शंख," कालोलाइने गयावया करते.

"सून तुझी, पण सही माझी आहे."

तिचं खोटं नव्हतंच. इंग्रजांना वस्तू दिसली की आधी ती कशाची हे हवं असतं. लाकडी, लोकरी, मातीची. सोन्याचं घड्याळ वेगळं आणि सोनेरी केस वेगळे, दोन्हीला एक शब्द चालत नाही. घडवल्यावरही मूळ माल ओळखू येत असेल तर एक शब्द, रूप पालटलं असेल तर दुसरा. लाकडाचं टेबल, पण लाकडापासून कागद. हे तिनं दोन पिढ्यांच्या डोक्यात पट्टीनं बसवलं. आमच्यात मात्र एखादा ङातू, म्हणजे साल कुटून केलेलं रंगीत कापड, पसरला की पहिला प्रश्न असतो, कुणाच्या हातचा? तो तुतीच्या सालीचा असतो हे शेंबडं पोरही जाणतं, ते काय विचारायचं? फुसीला हे अडाणीपणाचं वाटायचं. "कुणाच्या हातचा ते सांगून वस्तू कळत नाही," ती म्हणायची. फार शहाणी, दुसरं काय.

मागच्या वर्षी ऑस्ट्रेलियातल्या एका संग्रहालयानं गावच्या बायकांकडे मोठा ङातू मागितला. अट एकच, दोन्ही थर सालीचेच हवेत. हल्ली लग्नाकार्याला आम्ही सगळ्याच खालच्या थराला दुकानातलं बकरम लावतो, शिंपी कॉलरमध्ये घालतो तसलं. त्यात कुणाला लाज नाही. पण या खेपेला शब्द दिला होता. प्रत्येकीनं चाळीस साली कुटून आणायच्या, असं ठरलं. साली चिकटवायच्या लांब पाटाच्या मुख्य जागेवर लोसालिने बसणार हेही ठरलेलंच. वय सत्त्याहत्तर, डोळे अधू झालेले, पण खळ कमी पडलीय की जास्त हे बोटानं सांगणारी. ती फुसीची सख्खी आत्या. आमच्याकडे आत्येचा मान बापापेक्षा मोठा. तिच्यासमोर भाचीनं आवाज चढवायचा नसतो, तिच्या ताटातलं खायचं नसतं.

फुसीनं अकरा साली कुटल्या. बाराव्या सालीला मनगट सुजलं. नुसतं "जमत नाही गं" म्हटलं असतं, तर बायांनी दोन दिवस टिंगल केली असती आणि तिच्या वाटच्या कुटून टाकल्या असत्या. पण "मास्तरीणबाईंचे हात खडूचे" हे कालोच्या तोंडून ऐकायची तिची तयारी नव्हती. तिनं दुकानातून बकरम आणलं, खळीत भिजवलं, आणि सगळ्या जेवायला उठल्या तेव्हा शेवटच्या दोन हात लांबीत खालचा थर म्हणून लावून टाकलं. वर साल चढली. लोसालिनेनं त्यावर तपकिरी रंगाचा बोळा फिरवला.

दोन महिन्यांनी संग्रहालयाची बाई आली. जिल नावाची, उन्हानं लाल झालेली, फार नम्र. सभागृहात ङातू पसरला होता. लोसालिने रिवाजाप्रमाणे कंबरेला मानाची चटई गुंडाळून मधोमध बसलेली, शेजारी दुभाषी म्हणून फुसी; बाकीच्या बाया बाहेर पाहुणीच्या जेवणाच्या गडबडीत. जिलनं शेवटची कड उलटली, भिंग लावलं, बराच वेळ बघितलं.

"ही साल नाहीये," ती हळूच इंग्रजीत म्हणाली. "कारखान्याचं कापड आहे. हे कसं आलं?"

तीस वर्षांत ज्या भाषेनं फुसीला कधी दगा दिला नाही, ती भाषा आपणहून तोंडात आली. "आमची ही म्हातारी," ती म्हणाली, "हिला दिसत नाही हो आता. हिनं चुकून लावलं असणार. कुणी बोललं नाही, वयाचा मान."

जिलनं कळवळून लोसालिनेकडे पाहिलं. आपलं कौतुक चाललंय असं वाटून म्हातारी तोंडभर हसली आणि मान डोलावत राहिली. जिलनं वहीत लिहून घेतलं.

त्या संध्याकाळी लोसालिनेनं नातीबरोबर केळीच्या पानात गुंडाळलेलं मटण आणि मोठा सुरण पाठवला. निरोप होता, "माझ्याबद्दल परक्या बाईला चांगलं बोललीस, देव तुझं भलं करो." फुसीनं ते पान उघडलंसुद्धा नाही. कुत्र्यांनी खाल्लं. दुसऱ्या रविवारी चर्चमध्ये ती मागच्या दाराशी बसली. आत्या समोरून येताना दिसली की ती गल्ली बदलायची. पार्सलं लिहिताना हात थांबायचा. कालोनं पुन्हा प्लास्टिकची माळ आणली तेव्हा तिनं मुकाट्यानं शंख लिहून दिलं. कालोच चरकली. "बरं नाही का गं तुला?" खाई त्याला खवखवे.

मग टपाल आलं. संग्रहालयानं ङातू घेतला होता, भिंतीवर लावायच्या पाटीचा मजकूर तपासायला पाठवला होता. पाकीट लोसालिनेच्या नावाचं. ती ते घेऊन थेट बायका कामाला बसतात त्या शेडमध्ये आली, नव्या ङातूच्या पाटाशी आपल्या जागेवर बसली, बोळा हातात घेतला आणि म्हणाली, "फुसीला बोलवा. सगळ्यांसमोर वाचू दे."

फुसी आली, उभ्यानंच कागद उघडला. दोन ओळी गाळणं सोपं होतं, कुणाला कळलं असतं? पण तिच्याच्यानं गाळवलं नाही. तिनं आमच्या बोलीत शब्द न् शब्द सांगितला. वरचा थर, तुतीची साल. खालचा थर, तुतीची साल. शेवटच्या भागात कारखान्याचं कापड, ज्येष्ठ कारागीर लोसालिने यांच्या अधू दृष्टीमुळे चुकून लागलेलं.

एक-दोघींनी लोसालिनेकडे बघायचं टाळलं, आणि ते टाळणं तिला न बघताही कळलं.

"छापून आलंय म्हणजे खरंच असणार," लोसालिने म्हणाली. आवाजात राग नव्हता, घाबरल्यासारखं काहीतरी होतं. "माझ्या बोटांना कळलं नाही, बघा. साल आणि कापड कळलं नाही." तिनं बोळा खाली ठेवला, हात नेसणाला पुसले. "कालो, तू बस इथे. मी आता नाही बसत."

साठ वर्षं ती बाई त्या जागेवर बसली होती. फुसीला वाटलं, जमीन दुभंगावी आणि आपण त्यात जावं. जमीन काही दुभंगत नाही.

"आत्या, थांबा. ते मी लावलं."

"काय?"

"कापड. तुम्ही सगळ्या जेवायला गेला होतात. माझ्या साली कमी होत्या. मी लावलं, आणि त्या बाईला तुमचं नाव सांगितलं."

कालोच्या तोंडून "अगं बये" एवढंच निघालं. लोसालिने उठता उठता अर्धवट वाकलेली, तशीच पाटाला धरून राहिली.

"कधी सांगितलंस?"

"त्या दिवशीच. सभागृहात. इंग्रजीत."

"म्हणजे मी तिथेच होते."

"हो."

"मग मी काय केलं?"

फुसीला उत्तर माहीत होतं, आणि ते देण्यावाचून गत्यंतर नव्हतं. "तुम्ही हसलात, आत्या. मान डोलावलीत."

म्हातारी खाली बसली, चाचपडून बोळा शोधला, रंगात बुडवला आणि पाटावर घासू लागली. एकेक करून बाकीच्याही कामाला लागल्या. फुसीनं पेन्सिल काढली आणि उभ्या उभ्या, तळहातावर कागद धरून, पाटीच्या मजकुरातलं आत्याचं नाव, अधू दृष्टी आणि 'चुकून' खोडून स्वतःचं नाव लिहिलं. लोसालिनेच्या शेजारची जागा मोकळी होती. पण तिथे बस, असं कुणी म्हटलं नाही.