भिंतीवरची लाल रेष

हे लिहायचं मी बरीच वर्षं टाळलं. नंदनवन वस्तीत आमच्या शेजारी राहणाऱ्या भाऊंइतका पाण्यावर अविश्वास असलेला माणूस अख्ख्या नागपुरात झाला नसेल. खाप्याला कन्हान नदीची पातळी मोजण्यात त्यांची हयात गेली. निवृत्तीनंतर मोजायला नदी उरली नाही, म्हणून त्यांनी आमच्या घरांमागचा नाला हाती घेतला. लोणच्याच्या बरणीत ते पाऊस मोजत. चहाचा कप काठोकाठ भरलेला दिसला, की "हा धोक्याच्या वर हाय" म्हणत आधी बशीत ओतून घेत. लॉनवरच्या एका लग्नात तर जेवण सोडून लॉनमागची नाली पाहून आले आणि मुलीच्या बापाला म्हणाले, "साहेब, पोरगी चांगली हाय तुमची, पण लॉन खोलात हाय."

नाल्याला लागून असलेल्या माझ्या कंपाउंडच्या भिंतीवर त्यांनी ऑइल पेंटनं एक लाल रेष मारली होती. पाणी तिला टेकलं की भाऊ आपल्या गच्चीवरून शिट्टी वाजवत. एक शिट्टी म्हणजे कागदपत्रं वर, दोन म्हणजे म्हातारीकोतारी वर. कितीदा तरी पाणी रेषेला शिवून परत फिरे आणि आम्ही गाद्या पुन्हा खाली आणत बसू. दुसऱ्या दिवशी भाऊ दारोदार फिरून माफी मागत.

"भाऊ, इशारा आता मोबाइलवर येतो," मी एकदा चिडून म्हणालो.

"येते ना. जिल्ह्याले येते. आपल्या गल्लीले कोण सांगन, मास्तर?"

मुलीच्या लग्नाआधी घर रंगवलं. पाहुण्यांसमोर ती रेष नको वाटली, म्हणून मीच तिच्यावर ब्रश फिरवला. भाऊंना सांगितलं नाही. त्याच पावसाळ्यात एका दुपारी नाला चढला. गच्चीवरून रेष दिसेना, तेव्हा सत्तरी ओलांडलेले भाऊ बांबू घेऊन खाली उतरले, पाणी मोजलं, दोन शिट्ट्या दिल्या आणि परतताना घसरले. खुब्याचं हाड मोडलं. त्या शिट्ट्या ऐकून आम्ही लकव्यानं अंथरुणाला खिळलेल्या माझ्या बायकोला माडीवर नेलं. पाव तासात तिचा पलंग पाण्याखाली होता. त्यानंतर ती आणखी चार वर्षं माझ्यासोबत होती. ती चार वर्षं भाऊंची देणगी.

दवाखान्यात त्यांनी विचारलं, "रेष कोठी गेली गा, मास्तर?"

"पावसानं गेली असेल."

"ऑइल पेंट होता तो." त्यांनी अंगावरची चादर सारखी केली. "वहिनी वर पोचल्या ना टायमावर?"

"पोचल्या."

"मंग झालं."

म्हाताऱ्याला पाण्यात उतरायची हौसच होती, असं गल्लीत लोक म्हणाले. मीही हसून मान डोलावली. भाऊ पुढे काठी टेकत चालले. संध्याकाळी माझ्याच ओट्यावर येऊन बसत, आणि आज सांगू असं मी रोज ठरवी. मागच्या उन्हाळ्यात ते गेले. शेवटच्या भेटीत मी त्यांचा हात धरून "भाऊ, ती भिंत..." एवढं म्हणालो, तोच त्यांची सून औषध घेऊन आली. मी उठलो, चपला घातल्या.

म्हणायचं एवढंच होतं, भाऊ. ती रेष मी पुसली. माझं चुकलं.