आजोबांचा उतरलेला गंधार

"काकू, हा तो गंधार नाही."

इराने पट्टी पुन्हा दाबली. हार्मोनियम माझ्या टेबलावर होती. इराची आई मेधा दाराशी उभी होती. ट्यूनरचा काटा शून्यावर होता, म्हणजे स्वर अचूक होता. तीच अडचण होती.

जर्मनीत, हॅनोव्हरमध्ये मी अकॉर्डियन आणि हार्मोनियम दुरुस्त करते. दोन्हींचा आवाज रीडमधून येतो. रीड म्हणजे पितळेची पातळ जीभ. हवा लागली की ती थरथरते. टोकाशी घासली की स्वर चढतो, मुळाशी घासली की उतरतो. घासलेलं पितळ परत येत नाही.

पेटी मेधाच्या दिवंगत वडिलांची, साताऱ्याच्या भजनी मंडळातली. चार दिवसांपूर्वी मेधा ती घेऊन आली. "एकच स्वर बेसूर आहे, ताई. लहानपणी मला फार लाज वाटायची. शनिवारी इराचं रेकॉर्डिंग आहे. तिला सरप्राइज द्यायचंय." मी पाहिलं, गंधार खरंच बराच उतरलेला होता. टोक घासून तो वर आणला. अर्ध्या तासाचं काम.

इरा आखन शहरात कॉलेजला शिकते. मराठी समजते, पण उत्तर जर्मनमध्ये देते. तेवढं 'काकू' मराठीत. मित्रांबरोबर ती ब्लूज वाजवते. ब्लूज म्हणजे अमेरिकेतल्या काळ्या कष्टकऱ्यांचं गाणं. त्यात गंधार बऱ्याचदा कोमल आणि शुद्ध यांच्या मधे कुठेतरी लागतो. आजोबांच्या पेटीवर इराला नेमका तसाच गंधार सापडला होता, आणि त्याच्या आधाराने तिने त्यांची गौळण गिटारवर बसवली होती.

"आजोबांनी तो मुद्दाम उतरवला होता," ती म्हणाली. "स्वतः, कानशीने. गौळणीत तसाच लागतो म्हणाले."

"मला नाही कधी सांगितलं," मेधा म्हणाली.

"तू विचारलंस?"

मेधाने जॅकेटची चेन वर ओढली.

"आल्झो," म्हणजे 'तर मग', म्हणत इरा माझ्याकडे वळली, "पुन्हा उतरवा ना."

"किती?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे असायला हवं होतं. माझा नवरा श्रीकांत सॉफ्टवेअरमधला. संध्याकाळी वर्कशॉपमध्ये येऊन बसायचा. मी कानशीला हात लावण्याआधी तो प्रत्येक रीडचं माप घ्यायचा आणि कार्डावर लिहायचा. मी चिडायचे. "तू घास गं," तो म्हणायचा, "मी लिहितो." दोन वर्षांपूर्वी तो गेला. त्यानंतर मी कार्ड लिहिलेलं नाही. त्याच्या अक्षराखाली माझं अक्षर नको वाटायचं.

"रेकॉर्डिंग आहे काही?" मी विचारलं. आजोबांची एक कॅसेट होती, पण जुनी टेप कधी भरभर चालते, कधी रेंगाळते. तिच्यावरून माप घेता येत नाही. पेटीचं पहिलं नीट रेकॉर्डिंग शनिवारीच व्हायचं होतं.

मी इराला गायला सांगितलं. जवळचे दोन स्वर एकत्र वाजले की आवाजात लाटा उठतात. स्वर जुळले की लाटा थांबतात. इराने गंधार धरला, मी मुळाशी घासलं, पुन्हा वाजवलं. लाटा होत्याच. पण दर वेळी तिचा गंधार थोडा हलत होता. ती घाबरली होती. मीही. रीड जुनी, दोनदा घासलेली. मुळाशी जास्त पातळ झाली की एक दिवस तुटते.

"आई, तू म्हण."

"मी? मला कुठे येतं?"

"भाज्या चिरताना रोज म्हणतेस की."

मेधाने डोळे मिटले. गौळण सुरू केली, अगदी हळू, पदराशी चाळा करत गाणाऱ्या बाईसारखी, खरं तर अंगात जॅकेट होतं. गंधारावर आली आणि तिचा आवाज आपोआप खाली सरकला. ज्या स्वराची तिला लाज वाटायची, तो तिच्याच गळ्यात होता. तीन वेळा म्हणाली, तिन्ही वेळा तिथेच. चौथ्यांदा म्हणताना तिला रडू आलं, पण स्वर हलला नाही.

मी घासत गेले. लाटा मंदावल्या. मग थांबल्या.

इराने पट्टी दाबून धरली. बराच वेळ.

"गेनाऊ?" मी विचारलं. बरोबर?

"फास्ट," ती म्हणाली. म्हणजे जवळजवळ. मग आईचा हात धरून पेटी घेऊन गेली. शनिवारी मेधाही गायली, असं नंतर कळलं.

त्या दिवशी दोघी गेल्यावर मी कार्डांचा डबा काढला. नवं कार्ड घेतलं. 'नंतर'च्या रकान्यात ट्यूनरवर पाहून ठेवलेलं माप लिहिलं. 'आधी'च्या रकान्यात लिहिलं : माहीत नाही.

शिकवण साधी आहे. कानशी उचलण्याआधी माप घ्यावं. श्रीकांतच्या अक्षरातली कार्डं डबाभर आहेत. त्याचा आवाज मात्र मी कुठेच नोंदवून ठेवलेला नाही. "तू घास गं" हे तो कुठल्या स्वरात म्हणायचा, ते मला अजून आठवतं. जवळजवळ.