म्हशीचे जवस

भर बाजारात माझा पाणउतारा करणाऱ्या त्या म्हातारीचं नाव मी कधी विचारलं नाही. इंग्रजी अमदानीत मी निपाणीला मास्तर होतो. तंबाखूच्या वखारीसमोर पोत्यावर बसून ती जवस विकायची. सत्तरी उलटलेली, तरी चिकोडीकडच्या खेड्यातून डोक्यावर ओझं घेऊन चालत यायची. गिऱ्हाइकाच्या तळहातावर आधी चिमूटभर भाजलेले जवस ठेवायची आणि ते चावून होईपर्यंत मापाला हात लावायची नाही.

"दोन शेर द्या आज्जी. म्हैस व्यालीय."

भरलेलं माप तिनं हातातच धरलं. "आन् घरात कोन खातंय?"

"आम्ही? हे गुरांचं खाणं."

"वडील हाईत?"

"आहेत. छातीचं दुखणं आहे. विलायती टॉनिक चालू आहे."

तिनं माप पोत्यात पालथं केलं. "म्हशीला जवस आन् बापाला रंगीत पानी! शिकल्यालं न्हवं तुमी? आदी बापाच्या भाकरीवर जवसाची चटणी घाला, मग म्हशीचं बगू. न्हाय देत, जावा!"

एका अडाणी बाईनं मास्तराला झापावं! मी तणतणत पुढच्या दुकानातून जवस घेतले. म्हशीला रोज शिजवून घातले. वडिलांना, आप्पांना, टॉनिकची बाटलीच.

आप्पा त्याच वर्षी गेले. चटणीनं ते वाचलेच असते, असं मी म्हणत नाही. पण एकदा, निदान एक चमचा, त्यांच्या ताटात वाढू नये? त्या शिकलेल्या मास्तराचा मला आजही संताप येतो.

म्हैस पुढं अकरा वर्षं जगली.