मागून घेतलेलं दर्शन

त्या रविवारी संध्याकाळी मी नागनाथाशी भांडले. शेजारच्या खोलीत मुलं होती म्हणून आवाज काढला नाही, पण मनातल्या मनात एक शब्द शिल्लक ठेवला नाही. एवढा समुद्र ओलांडून मला इथं आणलंस ते काय एक लेकरू माझ्या हातातून जाताना बघायला, असं त्याला विचारलं आणि उत्तराची वाट न बघता मच्छरदाणी खोचून पडून राहिले.

मी हिंगोलीला दिव्यांग मुलांच्या निवासी शाळेत बऱ्याच वर्षांपासून शिकवते. सासर जवळा बाजारचं, त्यामुळे औंढ्याचा नागनाथ घरातल्या वडीलधाऱ्यासारखा. सोमवारचा उपास आणि जमेल तेव्हा दर्शन, याहून मोठी माझी भक्ती नाही. प्रशिक्षणाच्या काळातली माझी मैत्रीण सुलभा इंडोनेशियातल्या एका छोट्या बेटावर अनाथ दिव्यांग मुलांचं घर सांभाळते. उन्हाळ्याच्या सुटीत ये, इथं हात कमी पडतात, असं तिनं कळवलं आणि मी गेले. जाताना पासपोर्टपासून मेतकुटापर्यंत सगळ्याची यादी केली होती. तिथं पोचल्यावरही माझा स्वभाव लगेच कामाला लागला. टॉवेलांसाठी खुंट्या ठोकल्या, प्रत्येक खुंटीवर मासा, नारळ, होडी अशी चित्रं चिकटवली, म्हणजे ज्याचा टॉवेल त्यालाच मिळावा. कोणाची आंघोळ कधी, कोणाचा व्यायाम कधी, सगळं भिंतीवर लागलं. मुलांचं करणारी तिथलीच एक बाई होती, रत्ना. नाव आपल्यासारखंच. हिंदी मालिका बघून ती थोडं हिंदी शिकली होती. माझे कागद बघून हसायची आणि म्हणायची, "इबू, आप बहुत सीरियस!" इबू म्हणजे आई किंवा बाई.

सगळं बसलं, फक्त पुत्री कशात बसेना. हे तिथल्या एका मुलीचं नाव, वय सहा-सात. सेरेब्रल पाल्सीमुळे तिला मान नीट धरता येत नव्हती, बोलता येत नव्हतं. आई गेल्यावर कोणीतरी तिला होडीतून आणून सोडलं होतं. तेव्हापासून ती मागच्या ओसरीत भिंतीकडे तोंड करूनच राहायची. का, ते मला आजही माहीत नाही. जेवायच्या वेळी तिची चाकाची खुर्ची मी पंगतीकडे वळवली की अंग ताठ व्हायचं, दात घट्ट मिटायचे. मुलाचा चेहरा आपल्याकडे हवा, नजरेला नजर मिळाली की मग घास, असं आम्हाला शिकवलं आहे आणि मीही कितीतरी आयांना तेच शिकवलं आहे. म्हणून मी तिला रोज वळवत होते. चमचा बदलून पाहिला. पेज पातळ केली, दाट केली, गोड केली. पोटात जायचं ते जेमतेम जिवापुरतं.

शनिवारी डॉक्टर येऊन गेले. वजन असंच उतरत राहिलं तर नळीनं अन्न द्यावं लागेल, म्हणाले. आणि नळीची काळजी घेणारी नर्स त्या घरात नव्हती. सुलभानं मला बाजूला घेतलं.

"मंगळवारच्या होडीनं तिला शहरात न्यावं लागेल. दवाखाना झाला की मग मोठ्या संस्थेत."

"आणि परत?"

"तिकडून अजून तरी कोणी परत आलेलं नाही गं," ती म्हणाली आणि दुसरीकडे बघू लागली.

सोमवारी दुपारी मी पुन्हा पेज घेऊन ओसरीत गेले. खुर्ची वळवायला हात लावला, तर नुसत्या चाहुलीनंच ती पोर आखडली. मला पुढं काही करवेना. तिला उचलून चटईवर घेतलं. ती भिंतीकडे वळली, वळू दिली. नुसती बसवली असती तर कलंडली असती, म्हणून मी तिच्या मागं बसले आणि तिची पाठ माझ्या छातीशी टेकवून धरली. वाटी बाजूला ठेवली. यानंतर काय करायचं, हे मला पहिल्यांदाच ठाऊक नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. माझी धाकटी जाऊ, मंगल. मी नसताना दर सोमवारी औंढ्याला जाऊन मला फोनवर दर्शन घडवायचं तिनं कबूल केलं होतं. पण त्यासाठी आम्ही संध्याकाळची वेळ ठरवली होती.

"आत्ताच काहून केलास गं?" फोन समोरच्या भिंतीला टेकवत मी म्हटलं.

"वेळंचं काय घेऊन बसलात अक्का! रांग पार बाहेर गेली. घरी म्हशीचं बघायचं हाय मला. पुढून काई जमत न्हाई, मी आली परत फिरून. मागूनच घ्या दर्शन. नंदी बी हितंच बसलाय मागं, त्याला कुठं तकलीफ हाय? तुमच्या यादीत मागून दर्शन नसंल तर लिवून घ्या."

फोनवर देवळाची मागची बाजू दिसत होती. काळा दगड, नंदी, उन्हात बसलेल्या बाया. घंटांचा आवाज येत होता. माझ्या छातीशी असलेली पाठ सैल पडली. पुत्रीचं डोकं माझ्या हनुवटीखाली विसावलं. मी तिची मान जराशी पुढं झुकवून जबडा हलक्या हातानं सावरला, आणि तिची जीभ ओठावरून फिरली. बाजूनं चमचा नेला. तिनं तो घेतला. गिळला.

"कोणाचं लेकरू हाय ते?" मंगलनं विचारलं.

"इथलंच. गप ऱ्हा जरा." घंटा थांबल्या तशी पुत्री चुळबुळली. "नको, गप नको. बोल, बोलत ऱ्हा."

"आता काय बोलू?"

"काईबी. म्हशीचं सांग."

"म्हशीनं सकाळी तुमच्या दिराची कपबशी उडवली. बराबर झालं. चहा गार हाय म्हणून माझ्यावर डाफरून राहिले व्हते."

त्या म्हशीच्या आणि दिराच्या भांडणात अर्धी वाटी पेज संपली. दारात रत्ना केव्हा येऊन उभी राहिली, कळलं नाही. तिच्या तोंडावर हात होता.

पाठीला आधार मिळाला, मान स्थिर झाली, घास सोपा झाला. हे मला कळतं आणि मी ते नाकारत नाही. पण ठरलेली वेळ मोडून मंगलला त्याच घडीला रांगेतून मागं कोणी फिरवलं, हे मला कळत नाही, आणि मी विचारतही नाही. नागनाथाची गोष्ट मी शाळेतल्या मुलांना कितीदा सांगितली आहे: कीर्तन करणाऱ्या संताला पुजाऱ्यांनी देवळामागं घालवलं, तर देऊळच फिरून त्याच्याकडे तोंड करून उभं राहिलं, म्हणून आपल्याकडे नंदी मागं. सांगताना मला नवल वाटायचं ते दगड फिरल्याचं. त्या दिवशी ओसरीत पहिल्यांदा ध्यानात आलं की देवानं त्याला 'इकडे तोंड कर' असं म्हटलं नव्हतं. तो जिथं बसला होता तिथं त्याला बसू दिलं आणि स्वतः फिरला. मी मात्र रोज त्या पोरीची खुर्ची वळवत होते.

रात्री आणि मंगळवारी सकाळीही ती तशीच जेवली. सुलभानं डॉक्टरांना फोन केला. थोडे दिवस बघू, ते म्हणाले. होडी पुत्रीला न घेता गेली. नंतरच्या तपासणीत वजन टिकलं आणि मग हळूहळू चढू लागलं. पुत्री चालू लागली नाही, बोलू लागली नाही. पण ती तिच्या घरातच राहिली.

सुटी संपवून परत आल्यावर मंगलला घेऊन मी औंढ्याला गेले. रांगेकडे न जाता आधी मागं जाऊन नंदीपाशी बसले. तिथंच रत्नानं पाठवलेली चित्रफीत उघडली. मागच्या ओसरीत जेवण चाललं होतं. पुत्री भिंतीकडे तोंड करून रत्नाच्या पुढ्यात बसलेली, आणि तिच्या दोन्ही बाजूंना बाकीची सगळी मुलं, ताटं घेऊन, भिंतीकडेच तोंड करून. पंगतच्या पंगत वळली होती. रत्नाचा आवाज आला, "इबू, देखो, सब लोग घूम गया!"

"काय म्हणून राहिली ती?" मंगलनं विचारलं.

"सगळे फिरले म्हणते."

 मंगलनं एकदा फोनकडे बघितलं, एकदा देवळाकडे, आणि हात जोडले. मीही जोडले. मागण्यासारखं माझ्याजवळ त्या दिवशी काही नव्हतं.